भोकं मोजताना

नदीचं पाणी मी बादलीने काढते,
पुलाखाली, जिथे इस्पितळाचं गटार म्त्क्वारीला मिळतं.
गळ टाकून बसलेले म्हातारे मला ओळखतात.
"काय गं त्सिआला, आज काय लागलं?"
सांगितलं तर हसतील.
जिथे रोग वाहत येतो
तिथेच त्याचा वैरीही तरंगत असतो,
एवढंच आमच्या प्रयोगशाळेचं शास्त्र.
बाकी सगळं काचा धुणं.

अंझोर, झेस्ताफोनीच्या भट्टीवरचा.
साखरेचा आजार, घट्ट बूट, एक फोड.
तीन औषधं हरली, चौथं तिबिलिसीत मिळेना.
काळेपणा घोट्याकडे निघाला होता
आणि तो मला विचारत होता,
इथे जवळ बरी खाचापुरी कुठे मिळते.

त्याच्या जखमेतले जिवाणू मी काचेवर पसरले.
रात्रीतून साय धरली, फिकट पिवळी.
तिच्यावर थेंब टाकले, गाळलेले, सतरा ठिकाणचे.
सोळा वाया गेले.
सतराव्याखाली सकाळी भोकं,
कसर लागलेल्या लोकरीला पडतात तशी.
मी बसून मोजली.
मग पुन्हा मोजली, उगाचच.

त्याच आठवड्यात नोदारचा फोन.
माझा भाऊ. तेलावीजवळ त्याची डेअरी.
"सहाशे लिटर, त्सिआला. विरजून दहा तास झाले,
अजून पाणी ते पाणीच."
पूर्वी चीज धरायला वासराचं पोट लागायचं,
आता तेच काम करणारी पावडर येते,
कुठल्याशा कारखान्यात बुरशीकडून करून घेतलेली.
टाक्या घासायच्या साबणातही
जिवाणूंनी घडवलेलं, तूप-लोणी खाणारं काहीतरी.
आणि विरजण पाकिटातलं, एकाच वाणाचं,
रोज त्याच वेळी, तेवढंच आंबट.
बिनपगारी कामगार, तो म्हणायचा,
आणि मिशीतून हसायचा.

तो बाटली घेऊन स्वतःच आला, दोनशे शिव्या देत.
तिसऱ्या दिवशी मी त्याला काच दाखवली.
भोकं. तशीच. गोल, स्वच्छ, नेटकी.
शेजारी अंझोरची काच होती.
नोदारने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.
"म्हणजे तूच आणलंस. ईस्टरला आली होतीस."

काट्याने काटा काढणारी मी,
मला काय सांगता येत नाही?
सांगितलं. प्रत्येकाचं भक्ष्य वेगळं,
एक किल्ली, एक कुलूप.
माझे वैरी तुझ्या दह्याला ओळखतही नाहीत.
तुझे तुझ्याच गोठ्यातले असतील,
निवळीच्या शिंतोड्यातून आलेले.
तो मान डोलावत राहिला
आणि खुर्ची वीतभर मागे सरकवली.

अंझोरची दोन बोटं गेली, पाय राहिला.
बाटलीतलं ते निवळ पाणी
तो रोज नाक दाबून प्यायचा,
जखमेवरही घालायचे.
जाताना म्हणाला, गटाराचं ऋण कुणाला फेडू?
मी म्हटलं, गळ टाकणाऱ्यांना सिगारेटी दे.
त्याने खरंच दिल्या.

आईचं मात्सोनीचं विरजण
माझ्याकडे आहे, कुणाला ठाऊक नाही.
उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये, तिसऱ्या कप्प्यात,
चुकीची चिठ्ठी लावलेल्या कुपीत.
त्यात किती जाती आहेत मला अजून नीट मोजता आलेल्या नाहीत.
एक मेली तर दुसरी दूध धरते, भांडत भांडत.
कधी गोड, कधी तारेचं, कधी दात आंबवणारं.

नोदारला विचारलं, देऊ चमचाभर?
तो म्हणाला, परदेशी जाणाऱ्या मालाला रोज एकच चव लागते.
बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला, "आईचं? अजून जिवंत आहे?"

मी अजून कुपी बाहेर काढलेली नाही.
काढली की वितळणार,
आणि वितळली की दूध तयार हवं.