पान सदतीस

वर्क्सवर्थच्या ग्रंथालयात दर गुरुवारी
परत आलेली पुस्तकं मी फळीवर लावते.
फुकट. म्हणजे चहा-बिस्किटावर.
बिल्ल्यावर आडनाव आहे, मुळे.
इंग्रजीत लिहिलं की त्याचं खेचर होतं.
एकतीस वर्षं या गावात मी निमूट खेचर आहे.

रहस्यकथांचं कपाट खिडकीपाशी.
यातले खून फार सभ्य असतात,
पाळकाच्या बागेत, केकच्या स्पर्धेत, रक्त बेतानंच,
आणि छडा लावते कुणीतरी पुस्तकवेडी बाई,
दुकानात मांजर, नाकावर चष्मा,
पोलिसांच्या कायम दोन प्रकरणं पुढे.
वाचताना वाटतं, एवढं तर मलाही जमेल.
पण आमच्या गावात कुणी कुणाला मारत नाही.
फार तर पार्किंगवरून बोलणं सोडतात.

मग नोव्हेंबरात, पान सदतीसच्या तळाशी,
शिसपेन्सिलीनं, मुंगीएवढा
ळ.

चष्मा पुसून पुन्हा पाहिला.
दुसऱ्या पुस्तकात, पान सदतीस: ळ.
अकरा पुस्तकांत अकरा.
बाळातला, आभाळातला, तळमळीतला ळ,
हिंदीच्याही घरी जो उतरत नाही,
तो इथे डार्बीशरच्या डोंगरात
कोण आणून ठेवतं?

किराणा यादीच्या पाठीवर संशयित लिहिले.
करीहाउसचे शफीकभाई, पण ते सिल्हेटचे.
दाताचे डॉक्टर हेगडे, हुबळीचे;
त्यांच्याकडे ळ आहे, पण तो वेगळा वळतो.
आमचे हे, यांना झोपेपलीकडे कसलं रहस्य नाही.
म्हणजे कुणी नवीन.
सांगलीची असेल, मी ठरवूनच टाकलं.
लेस्टरहून येताना गुळाची एक ढेप जास्त आणली.

एक पुरावा मात्र मी दडपला.
भिंगाखाली स्वच्छ दिसत होतं,
रेघ आधी ओढलीय, वाटोळी नंतर.
आपल्यात कुणी असं लिहितं का?
शिरोरेघ शेवटी, हे पट्टी खाऊन शिकलोय आपण.
भिंग पुसलं आणि खणात ठेवून दिलं.

सापळा लावला. नवं कोरं पुस्तक खिडकीत,
समोर मी, विणकाम घेऊन.
तिसऱ्या गुरुवारी विनिफ्रेड ऑलसॉप आली.
एक्क्याऐंशीची, पूर्वी टपाल वाटायची.
पुस्तक उघडलं ते थेट सदतीसवर,
पान कोरं पाहून हुश्श केलं.
"काय शोधता?"
"माझी सायकल," ती म्हणाली.
"डोकं गळकं झालंय हल्ली. वाचून झालं की एक काढून ठेवते.
तोच मुडदा दोनदा घरी न्यायला नको."
आणि टेबलावरच्या चिठोऱ्यावर काढून दाखवली,
आधी दांडी, मग चाकं.

मी हसले.
सांगलीची बाई गुळासकट विरघळली.

मग तिनं नाक लावून बिल्ला वाचला.
"म्यूल? चर्चमागची चढण, नंबर चौदा?
निळी पत्रं यायची तुमची. देवा, तो चढ!
पत्त्याच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलेलं असायचं,
दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं,
आणि मधोमध एक सायकल.
मी धापा टाकत म्हणायची, बघ विनी,
कुणीतरी तुझं चित्र काढलंय."

बाबांचा इंग्रजी पत्त्यावर विश्वास नव्हता.
पोचेल न पोचेल, म्हणून कोपऱ्यात एकदा मराठीत.

मी शिक्का मारला. तारीख तिरकी उठली.
"कसं म्हणतात ते?" तिनं विचारलं.
मी म्हणून दाखवलं. तिनंही जीभ वळवली,
कवळी हलली, अक्षर काही आलं नाही.

दाराशी जाऊन ती थांबली.
"तुमच्या पिशवीतलं ते हिरवं, त्यातही सायकल आहे हं.
खून माळ्यानं केलाय."

माझी अजून साठ पानं उरली होती.