दुसरी बादली

सही करताना पोराने वाचून दाखवलं,
शंभरात दोघा-तिघांना असं होतं.
मी म्हटलं, शंभर तर मी न्याहारीच्या आत उघडते.

थोंगयोंगच्या धक्क्यामागे आमची शेड.
पहाटे चारला कालवांचा ढीग टेबलावर ओततात,
आणि आम्ही बायका उभ्या, रबरी बुटांत,
एकोणतीस हिवाळे.
सुरी बिजागरीपाशी घालायची, मनगट वळवायचं,
आतल्या मऊ जिवाला पातं लागू द्यायचं नाही.
लागलंच, तर पाणी निसटतं, कालव मलूल पडतं,
मग ते दुसऱ्या बादलीत.
त्या बादलीचा भाव निम्मा.

डॉक्टर नामगुंग तरुण, बोटं बारीक.
म्हणाले, आज्जी, भूल फक्त वरवरची,
तुम्ही जाग्या राहा, माझ्याशी बोलत राहा.
पालथी पडले. पाठीला सात मिलिमीटरचं दार.
त्यातून नळी, नळीत दिवा, दिव्यापाशी डोळा,
आणि पाणी, सारखं पाणी,
खांबावरच्या पिशवीतून माझ्या मणक्यांत
भरती चढावी तसं.

मधेच मान दुखू लागली.
काम कमरेचं आणि मान कशाला?
उगाच कुरकुर नको म्हणून जरा उशिराच सांगितलं.
खोली एकदम गप्प.
पिशवी खाली घ्या, ते म्हणाले, लगेच.
कुणाच्या तरी चपला वाजल्या. मान सुटली.

मग थोड्या वेळाने एक आवाज,
आवाज तरी कसला, त्यांच्या श्वासातली गाठ.
मी ओळखला तो.
शेडमध्ये सुरी चुकते तेव्हा
बाई नेमका तेवढाच श्वास गिळते
आणि शेजारणीकडे बघत नाही.

नंतर सहा दिवस नुसतं छत.
उठून बसलं की डोकं वरवंट्याखाली,
आडवं झालं की जसं काही घडलंच नाही.
आतलं पाणी झिरपतंय, म्हणाले,
आवरणाला भोक पडलंय, बारीक, भरून येईल.
चान-ग्यू स्ट्रॉने शेवाळाचं सूप पाजायचा,
बाळंतिणीचं सूप.
याच्याच वेळी प्यायले होते मी ते, वाडगेच्या वाडगे.

तिसऱ्या रात्री डॉक्टर एकटे आले.
खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.
चिकटलेलं होतं, म्हणाले, मला वाटलं सुटेल.
आणि वाकले, कमरेतून, पुरते,
जसं मला कित्येक वर्षांत वाकता आलेलं नाही.
आजवर किती उघडलीत?
अकराशे.
अकराशे म्हणजे माझी एक सकाळ, मी म्हटलं.
हसू आलं आणि डोक्यात कळ गेली.
पहिल्या हिवाळ्यात मी किती फाडली
ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.
त्यांनाही नाही सांगितलं.
मला कोणत्या बादलीत टाकलंत, तेही विचारलं नाही.

सातव्या दिवशी डोकं उतरलं आणि पाऊल पेटलं.
उजवं, वरच्या बाजूने.
मोजा नको, चादर नको, पंख्याचा वारासुद्धा नको.
जुनी कळ मात्र गेली, खोटं कशाला बोलू,
मांडीतून सळसळणारी, नऊ वर्षांची,
तिचा मागमूस नाही.
कागद घेऊन एक मुलगी आली:
दुखणं शून्य ते दहा, किती?
कोणतं दुखणं, मी विचारलं.
चौकोन एकच होता.
तिने पाच लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

आता मी शेडच्या टोकाला, स्टुलावर.
उजव्या बुटात मोजा नसतो.
ओक-जा दुसरी बादली माझ्याकडे सरकवते,
यांची धिरडी होतात, बाजारापलीकडच्या खानावळीत.
मी एकेक धुते,
अंगठ्याने चाचपते, कुठे लागलंय ते शोधते.
बहुतेकदा सापडत नाही.