फेस

बाबा विमानतळावर अग्निशमन दलात होते, सव्वीस वर्षं.
दर गुरुवारी एका मोडक्या विमानाला इंधन पाजून पेटवायचे
आणि पांढऱ्या फेसानं विझवायचे.
आम्ही पोरं कंबरभर फेसात लोळायचो.
मिशिगनच्या जुलैत बर्फ!
मी त्याची दाढी लावून घरोघर हिंडले आहे.

संध्याकाळी फेस बसायचा.
वाळू निमूट पिऊन टाकायची.

कुठेतरी पाणी मुरतंय
असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.
ते मुरतच होतं. विहिरीत, तळ्यात,
पाइक माशाच्या चरबीत,
आणि चाळीस वर्षांनी घाटावरच्या पिवळ्या पाटीत:
मासे खाऊ नयेत. फेसाला हात लावू नये.

माझ्या गळ्यावर टाक्यांची रेघ आहे.
याच पाण्यानं झालं, असं डॉक्टर म्हणत नाहीत.
नाही, असंही म्हणत नाहीत.

त्या वाळूवर आता एक ट्रेलर उभा आहे.
मी बाबांना घेऊन गेले. वय एक्क्याऐंशी, हातात काठी,
डोक्यावर दलाची टोपी. ती काढ म्हटलं, ऐकलं नाही.
रोझलिन नावाची मुलगी यंत्र चालवते.
म्हणाली, खालून आर्गॉनचे बुडबुडे सोडतो.
या विषाची जातच फेसाळ, त्याला तळाशी करमत नाही,
बुडबुडा दिसला की बिलगतं, वर येतं.
वर आम्ही वीज घेऊन बसलेलो.

मग तिनं खटका ओढला.
काचेआड पाण्याच्या अंगावर जांभळी मुळं फुटली,
तडतड, तडतड,
ओल्या लाकडाच्या शेकोटीसारखी.
जे उकळून मेलं नाही, गाळून हटलं नाही,
त्याचे सांधे तिथे निखळत होते.

बाबा काच धरून उभे.
बऱ्याच वेळानं विचारलं,
"ही विझवायची कशी?"

रोझलिननं लाल बटण दाखवलं.
ते बटणाशेजारी स्टूल ओढून बसले,
दुपारभर,
हात मांडीवर, बोटं थोडी उचललेली.
दाबलं नाही.

परतताना मीच विचारलं, सगळं जातं का?
लांब साखळ्या जातात, ती म्हणाली,
आखूड तुकडे चिवट असतात, त्यांच्यावर काम चालू आहे.
नमुन्याचा निकाल तीन आठवड्यांनी.

गाडीत बाबा गप्प होते.
घराच्या वळणावर म्हणाले,
"तुझी ती दाढी... मीच लावून दिली होती."

मी खिडकीची काच खाली केली.
तळ्याच्या काठाला
अजून पांढरी किनार होती.