तिसऱ्या भागाचा कोट

प्रॉव्हिडन्समध्ये, अ‍ॅटवेल्स अ‍ॅव्हेन्यूवर
एर्मिनिओ कोलावेकियोचं दुकान मी घेतलं,
तेव्हा दोन मशिनं, तीन कात्र्या, इस्त्रीचं टेबल
आणि रविवारी येऊन बसणारा एर्मिनिओ
असा एकगठ्ठा सौदा होता.
करारात त्याचं नाव नव्हतं. खुर्चीचंही नव्हतं.

साताऱ्यात मी फॉल-पिको करायचे.
इथं पँटी आखूड करते,
बारीक झालेल्यांचे कोट आत घेते,
आणि पुन्हा सुटलेल्यांचे तेच कोट बाहेर सोडते.

काल बर्फ होतं. गिऱ्हाईक येणार नव्हतं.
तो डिस्क घेऊन आला: त्या माफिया घराण्याच्या सिनेमाचा
शेवटचा भाग.
पहिले दोन लोकांना तोंडपाठ.
तिसऱ्याचं नाव काढलं की नाकं मुरडतात,
म्हणतात, दोरा संपला होता, तरी शिवत बसले.

तिन्ही भागांतले थोरल्याचे कोट याच्या हातचे.
पडद्यावर याचं नाव कुठंच येत नाही.
पहिल्यात खांद्यांत भर घातली होती.
दुसऱ्यात कंबर अशी बेतली
की थोरल्यानं नुसता श्वास घेतला तरी हुकूम वाटावा.
आणि तिसऱ्यात?
दोन इंच सैल.
नट काही वाळला नव्हता, उलट चांगला सुटला होता.
"केस पांढरे करायला पन्नास जण होते," एर्मिनिओ म्हणाला,
"मी फक्त कॉलर मानेपासून बोटभर लांब नेली."

खरे लोकही यायचे म्हणे दुकानात,
महिन्याच्या पहिल्या सोमवारी.
कुजबुजत वगैरे नसत. सर्दीबद्दल बोलत,
कुणाच्या पोराला कॉलेजात जागा मिळाली, त्याबद्दल.
सात पँटी आखूड करून नेल्या.
पैसे अजून यायचेत.

"आता बघ," तो म्हणाला, आणि खुर्ची पुढं ओढली.

बोटीचा धक्का. भाऊ संपलेत, धंदा विकलाय.
मुलगी निघालीय, बॅग खाली न ठेवता उभी.
थोरला खिशाकडं हात नेतो.
हात आत जात नाही.
खिशाच्या फडक्यावरून बोटं घसरतात, एकदा, पुन्हा एकदा,
मग तो स्वतःच्या कोटाकडं बघतो,
परक्या घराच्या दाराकडं बघावं तसा.
मुलगी थांबते. जरा जास्तच थांबते.
मग जाते.

"काय अभिनय आहे," मी म्हणाले.
"टाका आहे," तो म्हणाला.
नव्या कोटाचे खिसे कच्च्या टाक्यानं बंद असतात.
एक उसवायचा राहिला होता.
मूळ गोष्टीत थोरला तिला घराची किल्ली देतो,
ती मागं फिरते,
पुढं पंधरा मिनिटं सगळे जेवतात.
दिग्दर्शकानं ते जेवण कापून टाकलं.

म्हणजे लोक नावं ठेवतात तो सगळा शेवट
अर्धा इंच पांढऱ्या दोऱ्यावर उभा.

विसरलात?
"पंचेचाळीस वर्षांत एक टाका विसरलो नाही," तो म्हणाला.
कोट चढवताना म्हणाला, "विसरलोच असेन."
दार लावताना काहीच म्हणाला नाही.

त्याची मापांची वही अजून माझ्याच खणात आहे.
एका पानावर नाव नाही, नुसतं 'एल'.
वय नऊ, दहा, अकरा. बाही दर वर्षी इंचभर लांब.
खाली पान कोरं.
मी ते कधी काढलं नाही त्याच्यासमोर.

आज सकाळी एका नवरदेवाचा कोट द्यायचा होता.
ब्लेडनं खिशांचे टाके उसवत गेले,
बाहेरचे दोन, छातीवरचा एक,
आणि आतला, डाव्या बाजूचा,
राहू दिला.

मग तो कोट हँगरवरून परत उतरवला.
गिऱ्हाईक आहे बाई, सिनेमा नाही.
उसवला.