सातचं जेवण

डॉक्टर हत्तरग्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला
घड्याळ काढलं आणि सातवर पेन ठेवलं.
"मावशी, सगळ्यांच्या आधी."
मी पदर तोंडाला लावून हसले.
एकतीस वर्षांत या घरात
सगळ्यांच्या आधी मी फक्त उठले होते.

आमच्यात भात. दोन वेळा, कधी तिसऱ्यांदा,
पातेल्याच्या बुडाला लागलेला,
नातवाच्या ताटात तसाच राहिलेला, वर डाळीचं साय धरलेलं पाणी.
टाकायचं कसं, म्हणून खायचे.
घरातलं शेवटचं भांडं मीच,
उरलेलं सगळं माझ्यात.

सोलापुरात जन्मून मला भाकरी येत नव्हती.
शेजारच्या शिवलिंगव्वानं शिकवली,
"निधान, राजव्वा, निधान" म्हणत
आणि मधूनच कन्नडमध्ये शिव्या देत.
पहिली फाटली.
दुसरी परातीला चिकटली,
माहेरी आलेल्या लेकीसारखी, निघेचना.
तिसरी तव्यावर टम्म फुगली तेव्हा
आम्ही दोघी म्हाताऱ्या अशा ओरडलो
की पोरं गल्लीतनं बघायला आली.

चौथ्या दिवशी डोकं उठलं.
बंद पडलेले सगळे माग
माझ्या कवटीत खटाखटा चालू झाले.
बिनसाखरेचा चहा मी मोरीत ओतला
आणि ह्यांना म्हणाले,
आग लागो तुमच्या त्या कारखान्याला.
कारखाना दिवाळीतच विकला गेला होता.
हे काही बोलले नाहीत.
पायात चपला असून चपला शोधत राहिले.

मग रडू.
मेथी निवडताना आलं, बसमध्ये आलं,
एकदा तर काकडी किसताना.
कांदा तरी असता, सांगायला बरं.

दुपारी तीनला, भूक नसताना,
डब्यातला शेंगांचा लाडू मी का खायचे
ते एका दुपारी तीनला कळलं.
डबा रिकामा होता.
घर पण.
आई आठवली, विड्या वळणारी, मांडीवर सूप,
शेजारी झाकून ठेवलेली तिची ताटली.
तिला गरम काही खाताना
मी कधी बघितलंच नव्हतं.

गड्ड्यावर घेतलेल्या बांगड्या
हात खाली सोडला की आता घरंगळतात.
लग्नात नणंद म्हणाली, काय गं, आजारी का?
गालफडं बसली की.
आजारी होते तेव्हा हीच म्हणायची,
खात्यापित्या घरची दिसतेस.
रात्री मात्र आता पाण्याला उठत नाही,
आणि जिना चढून वर गेले
तर का आले ते विसरलेलं नसतं.

टॉवेलच्या दशांना गाठी मारते मी. डझनावर पैसे.
दोन वर्षं बोटांची टोकं
दुसऱ्याच कुणाची तरी होती,
गाठ बसली का, ते डोळ्यांनी बघायला लागायचं.
परवा लाइट गेली.
मे महिना, पंखा थांबला, सगळे बाहेर ओट्यावर.
माझा हात अंधारात चालूच राहिला.
चार दोरे, पीळ, गाठ.
लागली.
ज्वारीच्या दाण्याएवढी, टणक, बोटाला लागली.
मी ती सोडवली आणि परत मारली.
परत सोडवली.
त्या रात्री डझन काही पुरे झालं नाही.

अजून सात वाजले की दाराकडे बघते,
चोरून खाल्ल्यासारखं वाटतं.
पहिला घास खाली उतरायला वेळ लावतो.

काल सून आली, तिचं ताट घेऊन,
समोर बसली. भाकरी मोडली.
तिला चटणी सढळ लागते, मी डबा सरकवला.
ती म्हणाली, अत्ती, भाकरी जाड झालीय.
म्हणलं, झालीय खरी.

आत कुकरची तिसरी शिट्टी झाली,
मग चौथी.
बाहेर तिघं पुरुष माणसं बसलेली.
आम्ही दोघी
एकमेकींकडे बघितलं,
आणि उठलो नाही.