गल्लीची रुंदी

शिरोली नाक्याच्या पुढं, आदगोंडाच्या आवारात
उभी होती ती लिफ्टची गाडी,
पिवळी, मान दुमडून बसलेल्या करकोच्यासारखी.
बटण दाबलं की चाळीस फूट वर.
इलाही टोपलीत उभा राहून ओरडला,
"हौसाताई, हितनं बावड्याच्या कारखान्याची चिमणी दिसतीया!"
मग बराच वेळ काही बोलला नाही.
बावीस वर्षं कमरेला काथ्याचा दोर बांधून चढणारा माणूस,
एवढ्या उंचीवर दोन्ही हात रिकामे
त्याला पहिल्यांदाच मिळाले होते.
काय करावं कळेना, म्हणून त्यानं ते खिशात घातले.

अकरा लाख चाळीस, आदगोंडा म्हणाला, आणि चहा मागवला.
चाळीस उतरतील, त्यालाही ठाऊक, मलाही.
मी टेप काढली.
सवय आहे. झाडाआधी मी गल्ली मोजते.
गाडी सहा फूट अकरा, आरसे मिटून.
मंगळवार पेठेतली मगदूमांची गल्ली सहा फूट आठ,
त्यात काकूंची तुळशीची कुंडी,
एक स्कूटर, जी विचारलं तर कुणाचीच नसते,
आणि कट्ट्यावर आप्पा. ते हलत नाहीत.
गल्लीच्या शेवटी नांद्रुक.
त्याची वाळकी फांदी बरोबर पत्र्यावर, पत्र्याखाली पाळणा.
उद्यान विभागाचा कागद माझ्या पिशवीत :
तीन फांद्या, खोडाला हात लावायचा नाही.

इलाही खाली आला. मी टेप गुंडाळली.
चहा प्यालो. साखर जास्त होती.

उद्यमनगरात लेथवाला म्हणाला,
"चिपर कशाला इकत घेता? कडबाकुट्टीला जाड पातं लावून देतो,
हत्ती घाला आत, भुस्सा हुतोय!"
"लाल बटण कुठाय?" मी विचारलं.
"कसलं लाल बटण?"
इलाहीनं डावा हात नुसता काउंटरवर ठेवला.
साडेतीन बोटं.
तीही कुट्टीच होती, पाचगावच्या गोठ्यातली, तो बारा वर्षांचा असताना.
लेथवाल्यानं मशीन बंद केलं
आणि आमच्यासाठी खुर्च्या पुसल्या.

चिपर तूर्त नाही. फांद्या टेम्पोत भरू, दोन खेपा जास्त.

करवती दोन घेतल्या.
मोठी खालच्यासाठी, तिच्या आवाजानं दुकानातलं मांजर माळ्यावर गेलं;
छोटी वरच्यासाठी, इलाहीनं ती
पोराला उचलून वजन बघावं तशी बघितली.

दोरावर मात्र भांडलो.
लक्ष्मीपुरीत नारिंगी नायलॉन किलोवर मिळतो,
मी हिशेब करून ठेवला होता, वहीत, दोनदा.
तो म्हणाला, "ताई, कांदा किलोवर. दोर न्हाय."
मग पुण्याहून मीटरवर मागवला,
ज्याच्या टोकाला चिठ्ठी असते : किती वजनाला तुटतो.
बिल बघून मी एक दिवस त्याच्याशी बोलले नाही.

शेवटी गाडी घेतली ती एवढीशी, छोटा हत्ती,
कुणाच्या तरी फरसाणाची, अजून तेलाचा वास.
रुंदी चार फूट अकरा.
आप्पांनी पाय सुद्धा आत घेतले नाहीत.

खाली दोर माझ्या हातात.
वर, नव्या पट्ट्यांत बसून, इलाही पानांत शिरला.
आधी एक पाय दिसेना, मग दुसरा.
करवतीचा आवाज नाही, काही नाही.
काकूंनी पाळणा आत ओढला.
मी दोर जरा ताणून बघितला, पलीकडं माणूस होता.
"इलाही, काय दिसतंय रे?"
"काय न्हाय," तो म्हणाला. "पानंच हायती समदी."
आणि करवत सुरू करायला
त्यानं उगाच वेळ लावला.