पंचवीस पूर्णांक चार

लुनेनबर्गच्या गोदीत वेंडेल कॉर्कमची टेप
वरच्या कडेनं झिजलीय, इंच पुसत आलेले.
खालची कडा कोरी.
सेंटिमीटरकडे चाळीस वर्षांत
तो वळलाच नाही.

आता आलाय घियाथ, तार्तूसचा सुतार.
फूट म्हणजे पाऊल, एवढंच त्याला ठाऊक.

फळीवर खडूनं गुणाकार:
साडेसात गुणिले पंचवीस पूर्णांक चार,
एकशे नव्वद आणि अर्धा.
“तो अर्धा ठेव खिशात,” म्हातारा गुरकावतो,
“करवतीचं पातं त्याहून जाड.”

फळी बसत नाही.
होडीच्या नाळेशी अडते, किंचित.

घियाथ आपल्या भाषेत काही पुटपुटतो,
चिमटीत नसलेला केस
उजेडात धरून दाखवतो.
वेंडेल डोळा बारीक करून
तो केस बघतो.
हं. तेवढंच.

रंधा सरकतो.
पहिली ढलपी उडते ती थेट
कॉफीत.